बुजरें मूल

पाहुणे ओटीवर टेकले, चहा आला, कीं घरांतल्या लहानग्यास हाक जाते, "बाळ, काकांना श्लोक म्हणून दाखव पाहूं!" ही प्रथा आमच्या समाजांत इतकी मुरली आहे कीं, जें मूल म्हणत नाहीं तें मठ्ठ आणि त्याच्या आईनें त्यास कांहीं शिकविलेंच नाहीं, असा निकाल चहा संपण्यापूर्वींच लागतो. आमच्या धाकट्या पुतणीवर हा निकाल पुष्कळदां लागला.

तेव्हां आमचें एकत्र कुटुंब जव्हारास होतें. मुलगी ५ वर्षांची. आजीशीं तिची बडबड अखंड चाले. पण दारांत परक्या वहाणा दिसल्या कीं ती जी पदराआड जाई, ती त्या वहाणा निघेपर्यंत बाहेर येत नसे. शाळेंत तर हजेरीस "हजर" म्हणण्यासही तोंड उघडेना. एका शिक्षकांनीं वर्गादेखत तिला "मुकी" म्हटलें, आणि तें नांव पोरांनीं उचललें. घरांत दोन पक्ष पडले. आमच्या थोरल्या बंधूंचें म्हणणें, मुलीला नाशिकास मामाकडे ठेवावी, मोठ्या शाळेंत ती आपोआप बोलकी होईल. आजी म्हणत, पोर आहे तशी राहूं द्या. आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटत. पाण्यांत ढकलून पोहायला शिकविण्याचा उपाय भित्र्या मुलावर बहुधा उलटतो. आणि काठावरच बसून कोणी पोहणारा झालेला आम्हीं पाहिला नाहीं.

शेवटीं डॉक्टरांस दाखविलें. कान व वाचा दोन्ही शाबूत. घरीं बोलणारें मूल बाहेर महिनोन्महिने गप्प राहतें, त्यास हट्ट समजूं नये, ती भीति असते. बोलण्याची सक्ति न करतां एकेक पायरीनें धीर वाढवावा, असें त्यांनीं सांगितलें. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनीं ४ महिन्यांच्या तान्ह्या मुलांपासून वर्षानुवर्षें निरीक्षणें केलीं होतीं. नव्या आवाजानें वा वस्तूनें हातपाय झाडून रडणारीं मुलें त्यांस सुमारें पांचांत एक आढळलीं. पुढें बुजरेपणाचा संभव यांच्यांतच अधिक. परंतु तींही सारींच तशीं राहिलीं नाहींत. स्वभावाचें बीज जन्मतः असलें, तरी त्याचें झाड कसें वाढेल हें कांहीं अंशीं घरच्यांच्या हातीं असतें, एवढें यावरून आम्हीं घेतलें.

तसें पाहतां हें शहाणपण आमच्या जिल्ह्यास परकें नव्हे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वस्तीवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्याचें या बायकांनीं ठरविलें. खेळणीं म्हणजे शंख, खडे, बिया, पानें; मुलांच्या रोजच्या ओळखीचीं. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फलकावर वाचतांना त्यामागें मुलाची भीड ओळखणारी नजर होती, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आम्हांस वाट सांपडली ती मात्र मोखाड्यास. होळीनंतर तेथें बोहाडा होतो. रात्रीं मशालींच्या उजेडांत, संबळाच्या तालावर, देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे घालून सोंगें नाचत येतात. अमुक सोंग अमुक घराण्याचें, असा वंशपरंपरेचा मान असतो. गर्दींत पुतणी भावाच्या खांद्यावर बसून होती. दिवसां ज्या दुकानदाराकडून आम्हीं गूळ घेतला होता, तोच रात्रीं मुखवटा चढवून नाचतो आहे, असें कोणींसें तिला सांगितलें. "म्हणजे त्याला कोणी ओळखत नाहीं?" तिनें कानांत विचारलें. दुसऱ्या दिवसापासून तिचा उद्योग एकच: जुनीं वर्तमानपत्रें, खळ, आणि पालथें घमेलें. मुखवटा वाकडातिकडा झाला, पण त्याच्याआडून ती शेजारच्या काकूंशीं बोलली! आवाज जाड काढून, राक्षसासारखा, पण बोलली.

आम्हीं सर्वांस बजावलें कीं, "पाहा, बोलली कीं नाहीं" असें कोणीं म्हणूं नये. आजींना हें सर्वांत जड गेलें. पुढें मुखवटा हातांत आला, मग खुंटीवर गेला. मग चिठ्ठी घेऊन काड्यापेटी आणणें, मग चिठ्ठीवांचून, मग करवंदें विकणाऱ्या बाईंशीं पानाच्या द्रोणाचा भाव करणें. यांत दोन वर्षें गेलीं. मधून मधून मागेंही सरली. पावसाळ्यांत शाळा सुरू झाली कीं पहिला महिना पुन्हा मौन. "हजर" हा शब्द तिसऱ्या इयत्तेंत उमटला. आणि त्या दिवशीं घरीं शिरा झाला, कारण मात्र एकादशीच्या पारण्याचें सांगितलें.

आठवींत असतां तिनें स्नेहसंमेलनांत शिरपामाळाची कथा सांगितली. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजी महाराजांचा मुक्काम तेथें पडला, असें जव्हारचीं जुनीं माणसें सांगतात. पांच मिनिटांच्या भाषणांत मध्येंच ती अडली. पहिल्या रांगेंत थोरले बंधु अर्धवट उठले. आम्हीं त्यांचा सदरा धरून खालीं बसविलें. सभागृहांत कोणीतरी खोकलें. तिनें पाण्याचा घोट घेतला, पायांकडे पाहिलें, आणि मागचें वाक्य पुन्हा म्हणून पुढचें शोधून काढलें.

आज ती २३ वर्षांची आहे. अनोळखी मंडळींत पहिलीं दहा मिनिटें अजूनही गप्पच असते.