देवबागच्या वाळूवर गरी टाकताना

रब्बीच्या पेरण्या उरकल्या, की घाटावरची पुष्कळ मंडळी दोन दिवस कोकणात उतरतात. हल्ली समुद्राकाठी गरी टाकून मासे धरण्याची हौसही वाढली आहे. आपणही जाणार असाल, तर माझी ही हकीकत आधी वाचा.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्यापुढे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे दिसते. गोड्या-खाऱ्या पाण्याच्या या संगमावर मासळी चरायला येते.

माझे एक निवृत्त सहकारी तिथे राहतात. मी माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन त्यांच्याकडे उतरलो होतो. त्यांचे वडील बंधू, सगळ्या वाडीचे आबा, आम्हाला गरवायला घेऊन निघाले. त्यांनी घड्याळ पाहिले नाही, तिथी विचारली. त्या दिवशी शुद्ध चतुर्थी होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. आपणही हे गणित लक्षात ठेवा. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. गावोगाव अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, इतकेच. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात.

वाऱ्याचेही तसेच. थंडीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असते. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात. पाणी वाहते हवे, पण गढूळ किंवा खवळलेले नको. आपण पेरणीला वापसा पाहतो, तसा हा समुद्राचा वापसा म्हणा.

नऊच्या सुमारास ओहोटी संपत आली होती. गुडघाभर पाण्यातून चालत आम्ही एका वाळूच्या दांड्यावर गेलो. तंगूस, शिशाचे वजन, गळ आणि आमिषाला कोळंबी, एवढाच सरंजाम. भरतीचे पाणी फिरले आणि मासळी लागू लागली. आधी चार मुडदुशा, मग एक शेंगटी. शेंगटीला आबांनी मला हात लावू दिला नाही. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो; तो टोचला तर भयंकर ठणकते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यास आराम पडतो.

भाच्याच्या गरीला वीतभर तांबोशी लागली. आबांनी ती हळूच सोडवून पाण्यात सोडली. पोर हिरमुसले. तांबोशीची पिल्ले खाडीत आणि कांदळवनात वाढतात, मोठी होऊन खोल समुद्रात जातात आणि तिथे अंडी घालतात. खाडीतली लहान तांबोशी म्हणजे पेरायचे बियाणे. ते कोणी दळत नाही, हे मी भाच्याला सांगितले आणि त्याला ते पटले.

साडेअकराला आबा म्हणाले, "सायबानु, चला आता. पाटसून पाणी इला." त्याच वेळी माझ्या गरीला मोठा झटका बसला. मी म्हटले, "पाच मिनिटे थांबा." ती पाच मिनिटे वीस झाली. तंगूस तुटले, मासा गेला. मागे वळून पाहतो, तर गुडघाभर पाणी छातीला आलेले आणि ओढ लागलेली. दांडा अजून कोरडा होता, पण किनाऱ्याकडचा सखल भाग आधीच भरला होता. आबांनी भाच्याला खांद्यावर घेतले आणि माझा हात धरला. त्या साठ-सत्तर पावलांत मला बहिणीचा चेहरा दिसत होता. पोरगे तिने माझ्या भरवशावर पाठवले होते. किनाऱ्याला लागल्यावर आबा काही बोलले नाहीत. ते मला अधिक लागले.

भरती पहिल्या तासात सावकाश चढते आणि मधल्या दोन तासांत झपाट्याने. म्हणून दांड्यावर किंवा खडकावर जाताना परतीची वेळ आधी ठरवा. लाटेकडे पाठ करू नका. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका. तो ओढा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेतो. पावसाळ्यात तर गरी घरीच ठेवा. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कुठे मासे धरायला मनाई आहे, हे आधी विचारून घ्या.

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना सांगत आलो, की वेळ चुकली की पीक चुकते. देवबागला मीच वेळ चुकवली. आपण चुकवू नका. तिथल्या माणसाने "चला" म्हटले, की गरी गुंडाळा आणि निघा.