उधळ्या पुत्राची दुसरी सकाळ

उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर मी आजवर किती प्रवचने दिली असतील, त्याची गणती नाही. बाप धावत जातो, मुलाला मिठी मारतो, त्याच्या बोटात अंगठी घालतो. पुष्ट वासरू कापले जाते आणि मेजवानी सुरू होते. संत लूक दाखला तेथेच थांबवितो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला कोणी हाक मारली, कोणत्या कामाला लावले आणि रुसून बाहेर राहिलेला थोरला भाऊ त्याच्याबरोबर शेतावर गेला की नाही, याविषयी शुभवर्तमान मौन पाळते. त्या दुसऱ्या सकाळीचा विचार मीही बरीच वर्षे केला नव्हता. तो करायला मला दोन घटनांनी भाग पाडले. यांतील काहीही मला कुमसारात कळलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

पहिली घटना मी नवखा सहायक धर्मगुरू असतानाची. एका दुकानातील चोरीत धर्मग्रामातला एक तरुण सापडला. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. तत्पूर्वी त्याची आई माझ्याकडे आली होती. मुलगा सुस्वभावी व चांगल्या घरातील आहे, असा दाखला मी शिक्क्यानिशी लिहून दिला, प्रार्थनेचे आश्वासन दिले आणि माझे कर्तव्य संपले असे मानले. तो सुटून आला. त्याला कोणी काम दिले नाही, कोणी उंबरठ्याच्या आत घेतले नाही. मीही त्याच्या घरी फिरकलो नाही. आठ महिन्यांनी त्याने चर्चमधून परतणाऱ्या एका वृद्धेच्या गळ्यातील साखळी हिसकावली. ती पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले.

पहिल्या शुक्रवारी तिला ख्रिस्तप्रसाद देण्यास मी जात असे. एकदा ती म्हणाली, “फादर, तो सुटून आला तेव्हापासून त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणीच नव्हतं का?” तिच्या स्वरात राग नव्हता. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे मी कायदा वाचला तेव्हा कळले की, त्या माउलीचा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडलेला होता. आपल्या देशात १९५८ साली अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, गुन्ह्याचे स्वरूप आणि माणसाची वर्तणूक पाहून, कोर्ट शिक्षा तूर्त न देता त्याला बंधपत्रावर सोडू शकते. ही मुदत तीन वर्षांपर्यंत असते. कोर्टास आवश्यक वाटल्यास या काळात, निदान एक वर्ष, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख असते. वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आतील अपराध्याला सहसा तुरुंगात धाडू नये, असाही दंडक आहे. मात्र ही केवळ सूट नव्हे. कोर्ट पीडिताला भरपाई देण्यास सांगू शकते. अटी मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते. एक अट तर मी पुन्हा पुन्हा वाचली: अपराध्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे त्या परिसरात कायमचे राहण्याचे ठिकाण अथवा नियमित कामधंदा असला पाहिजे. म्हणजे कोर्ट माणूस परत देते, पण तो घ्यायला कोणी तरी असावे लागते.

या पद्धतीचा उगमही अशाच एका माणसापाशी आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर होता. १८४१ साली तो कोर्टात बसला असता एका दारुड्याला समोर आणण्यात आले. ऑगस्टस त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी त्याने त्या माणसाला पुन्हा हजर केले, तेव्हा तो शुद्धीवर आलेला, सुधारलेला होता. १८५९ साली मृत्यू येईपर्यंत ऑगस्टस अशा सुमारे दोन हजार जणांना जामीन राहिला. तो त्यांची चौकशी करी, त्यांना काम शोधून देई आणि कोर्टाला त्यांचा अहवाल देई. सरकारी हुद्दा त्याला कधीच नव्हता.

दुसरी घटना काही वर्षांपूर्वीची. वीस वर्षांच्या एका मुलाने दोन सोबत्यांसह केळीच्या वाडीतील विहिरीवरची मोटर काढून भंगारवाल्याला विकली. परिवीक्षा अधिकारी असलेल्या एक बाई चौकशीसाठी माझ्याकडे आल्या. जुन्या सवयीने मी दाखला लिहिण्यासाठी खण उघडला. त्या म्हणाल्या, “कागद नको, फादर. माणूस हवा. तो राहणार कुठे, करणार काय आणि त्याला जामीन कोण?”

संत विन्सेंट डी पॉल संघटनेतील एक गवंडी ठेकेदार जामीन राहिला. त्याची अट एकच होती: सकाळी सात वाजता कामावर हजर पाहिजे. पहिले पंधरा दिवस तो स्वतः त्या मुलाच्या दारात जाऊन हाक मारी. दर गुरुवारी संध्याकाळी मुलगा माझ्या व्हरांड्यात येऊन बसे. बोलणे फारसे होत नसे. तिसऱ्या महिन्यात तो दोन दिवस गायब झाला, दारू पिऊन आला. ठेकेदार संतापला. बाईंनी त्याला समोर बसवून शांतपणे बजावले की, कोर्टाचे दार अजून उघडे आहे. या कामात मायेबरोबर धाकही लागतो, हे मी तेथे पाहिले. केवळ धाक असता तर तो पळाला असता. केवळ माया असती तर त्याने आम्हा सर्वांना गुंडाळले असते.

मोटरीचा मालकही आमच्याच धर्मग्रामातला. क्षमेविषयी मी त्याच्याशी बोललो, तेव्हा तो म्हणाला, “फादर, दाखल्यातल्या बापाने कापलेलं वासरू त्याचं स्वतःचं होतं. मोटर माझी गेली, बाग माझी सुकली.” मला पुढे बोलवेना. कोर्टाने ठरविलेली भरपाई मुलाने मजुरीतून हप्त्याहप्त्याने फेडली. शेवटचा हप्ता मालकाने मोजून घेतला आणि काही न बोलता खिशात ठेवला. मिस्सात शांतिदानाच्या वेळी तो अजूनही त्या बाकाकडे वळत नाही. क्षमा ही कृपा आहे. ती धर्मगुरूच्या आज्ञेने मिळत नाही. पण ती मिळेपर्यंत त्या मुलाला उपाशी आणि एकटे सोडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

मुदत संपली. तो मुलगा आज भिंतींना गिलावा करतो. तो पुन्हा कधीच घसरणार नाही, अशी हमी मी देत नाही. ती तर मी स्वतःविषयीही देऊ शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा हीदेखील शिक्षा सांगितली आहे. समाजसेवा म्हटली की ती कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी नजरेसमोर व्हायची. ‘असल्या लोकांना आमच्यात कशाला?’ असा प्रश्न प्रत्येक ठिकाणी, आपल्या धर्मग्राम परिषदेतही, निघू शकतो. तो भीतीपोटी निघतो आणि भीती खोटी नसते. परंतु तुरुंगात गेलेला माणूसही बहुधा एक दिवस गावातच परततो. तो कुणाच्या ओळखीचा, कुणाच्या कामावरचा होऊन राहावा की कुणाचाच नसावा, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

ती वृद्ध माउली आता देवाघरी आहे. तिला द्यायचे उत्तर मला फार उशिरा सापडले. ते माझ्या कोणत्याही प्रवचनात नाही. सकाळी सातच्या आधी एका दारात जाऊन हाक मारणाऱ्या त्या गवंड्यापाशी आहे.