तोटीचे वळण
वडपे, रात्रौ.

मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या गोदामांत आज पितळी नळांची खोकी उतरताना, एका तोटीच्या वळणावरून दिव्याचे प्रतिबिंब अखंड ओघळले, आणि ती झिलई देणारे हात मनातून जाईनात. सपाट पत्रा यंत्र सहज उजळते. परंतु वक्र पृष्ठभागावर बिंदूगणिक लंबदिशा बदलत असल्यामुळे, आणि घासता घासता कापडी चाकही झिजत असल्यामुळे, ज्या यंत्रबाहूला केवळ मार्ग पाठ आहे तो कडा खातो, खोलगा कोरा ठेवतो. म्हणून त्याच्या मनगटाशी दाब मोजणारा संवेदक बसवावा लागतो. कारागिराच्या तळव्याला हीच जाण वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येते. मात्र धातूची धूळ त्याच्या फुप्फुसांत साचते, हे ठाऊक असता यंत्राला हरकत घेण्याचा मला अखत्यार नाही; त्या बाहूला दाब शिकवणारा उस्ताद तोच कारागीर असावा, एवढीच माझी अर्जी.