पोवळ्याची जपमाळ

आमच्या लातूरच्या घरी आईंची पोवळ्याच्या मण्यांची जपमाळ आहे. पोवळे म्हणजे तांबडा खडा, अशीच आम्हां उभयतांची समजूत होती. ती मालवणला दूर झाली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पायाखाली खडबडीत दगड लागला म्हणून आम्ही निर्धास्तपणे त्यावर उभे राहिलो. होडीवाला ओरडला, "ओ, बाजूक व्हा! तो दगड न्हय, जिवंत आसा!"

१९८७ पासून हा परिसर सागरी अभयारण्य आहे, हेही आम्हांला त्यानेच सांगितले. लाज वाटली. पुढे आम्ही त्या जीवांविषयी वाचू लागलो.

प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे इवलीशी पिशवी. तोंड एकच, भोवती स्पर्शकांची झालर. अन्न जाते तेथूनच आणि उष्टेही तेथूनच बाहेर पडते. एकाचे दोन होतात, पण भावंडे वेगळी निघत नाहीत. पातळ त्वचेने ती जोडलेली राहतात आणि एकाने धरलेला घास शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. खाली सर्वांनी मिळून रचलेला चुन्याचा सांगाडा. उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या देहात सूक्ष्म शैवाले राहतात. उन्हावर ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी फार दिवस तापले की ही शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. त्याला हलता येत नाही. जन्मल्यावर थोडे दिवस तो पोहतो, मग एकदाच जागा निवडतो.

हे वाचताना आम्हांला एप्रिल २०१६ आठवला. मिरजेहून दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली होती. त्या उन्हाळ्यात नांदेडला बहिणीकडे बिऱ्हाड हलवावे की काय, यावर आमच्या घरी रोज रात्री खल होई. अखेर राहिलो. पण निदान वाद घालण्याची सोय तरी आम्हांला होती!

दागिन्यांचे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. त्याला उन्हाची गरज नसते. अंधूक पाण्यात प्रवाहाबरोबर येईल ते धरून ते जगते. आईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी जपमाळेचा एक मणी खिडकीच्या उजेडात धरला.

"यात किती जण राहत होते रे?"

"आत नव्हे आई, वरच्या सालीत. मणी घडवताना ती साल काढून टाकतात."

त्यांनी माळ पदरात घेतली आणि सायंकाळची प्रार्थना सुरू केली.