मावशींचे बोट

स्मरणिकेसाठी लिहावे असे ठरले, तेव्हा आम्हा वर्गबंधूंना प्रथम आठवल्या त्या स्वयंपाकघरातील मावशी. त्या रोह्याच्या, कुंडलिकेकाठच्या. पेणच्या आपल्या वसतिगृहात पहाटे चारला त्यांची चूल पेटत असे. पौष-माघाच्या थंडीत मात्र तांदूळ धुण्याचे काम त्या आम्हा मुलांवर सोपवीत. उजव्या हाताच्या अनामिकेला चिंधी गुंडाळलेली असे. गार पाणी लागताच त्या कळवळत. आम्ही त्यास कामचुकारपणा समजलो. त्यांची नक्कलही केली. आज हे लिहिताना मान खाली जाते.

बोटाला ना सूज, ना जखम. कोणी नखुरडे म्हटले, कोणी वात. एक्स-रेमध्ये हाड निर्दोष दिसले. एके ठिकाणी तर 'मनाचे दुखणे' असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. अशी बारा वर्षे गेली.

पुढे आमच्यातील एक जण डॉक्टर झाला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मावशी सारी कामे डाव्या हाताने करीत आहेत, हे त्याच्या लक्षात आले. त्याने ते बोट उजेडात धरून पाहिले. नखाखाली निळसर-तांबूस ठिपका होता. पेन्सिलीच्या टोकाने नखावर ठिकठिकाणी हळूच दाबले, तेव्हा एकाच बिंदूवर मावशी किंचाळल्या. दंडावर रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळताच त्याच बिंदूवरील कळ ओसरली. "मावशी, हे मनाचे नाही. ही ग्लोमस गाठ असावी," तो म्हणाला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले.

बोटांच्या टोकांशी त्वचेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गुंतवळी असतात. थंडी-उष्णतेनुसार रक्तप्रवाह कमी-अधिक करणे हे त्यांचे कार्य. तेथील पेशींची ही विरळा गाठ. पिएर मासाँ या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने १९२४ साली तिचे मूळ उलगडले. ती बहुधा कर्करोगाची नसते. पण काही मिलिमीटरांचीच असल्याने सहज हुलकावणी देते. असह्य कळ, एकाच बिंदूवरील दुखरेपणा आणि थंडी न सोसणे, ही तिची तीन लक्षणे. मुंबईत एमआरआय झाले, नख उचलून गाठ काढण्यात आली आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीने निदान पक्के झाले.

त्वचेवरील प्रत्येक तांबडा-निळा डाग मात्र असा निरुपद्रवी नसतो. वृद्धांच्या डोक्यावर वा चेहऱ्यावर मुका मार लागल्यासारखा डाग उमटला आणि तो काही आठवड्यांत न विरता पसरू लागला, तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा. तो अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ कर्करोग असू शकतो. तेथे तुकडा काढून तपासल्यावाचून निर्णय होत नाही. लेप लावून वाट पाहणे घातक ठरते.

पुढील पौषात मावशींनी स्वतः तांदूळ धुतले. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पोरांनो, तेव्हा कुणी एकदा बोट हातात घेऊन बघितलं असतं तर!"