पेरा साधला

गोव्याला मांडवीत नांगरलेल्या जहाजावर पहाटेचे तीन वाजले होते. पोकरच्या स्पर्धेला तीनशेच्या वर माणसं बसली होती, त्यातले अकरा उरलो होतो. नऊ उरले की शेवटचं टेबल. माझ्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची. दोघांनीही सगळ्या चिप्स मध्ये सारल्या. असा डाव शंभरात ब्याऐंशी वेळा एक्केवाल्याचा असतो. शेवटचं पान उलटलं, चौकटचा राजा. मी हात मिळवून उठलो.

वाशिमहून पुसदच्या एसटीत बसलो तरी तो राजा डोळ्यांपुढून हलत नव्हता. अनसिंगचा फाटा येईपर्यंत मनातल्या मनात तेच पान मी शंभरदा उलटलं असेल.

सोयाबीनची सोंगणी झाली होती, शेतात सुडी लागली होती. बाबा तिच्याशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी शेंग फोडली, दाणा दाढेखाली धरला. कट्ट आवाज आला. ओल किती, हे बाजार समितीचं यंत्र सांगायच्या आधी त्यांना दाढ सांगते.

"कितवा आला?"

"अकरावा. तीनशेतून."

"मंग पत्ते बरे पडले म्हनाचे तुले."

मला लागलं ते. दोन दिवस जागून मी खेळलो होतो, समोरच्याचे श्वास मोजले होते. राग गिळून मी सुडीकडे बघत म्हणालो, "यंदा पीक चांगलं केलंत."

"पेरा साधला," ते म्हणाले. "मागच्या साली पानी धुऱ्याच्या पल्याडच पडला. यंदा अल्याड आला."

माणूस तोच, तिफण तीच, पहाटे चारला उठणंही तेच. त्या मेहनतीबद्दल मात्र एक शब्द नाही. पेरा साधला, पीक आलं, भाव लागला. भाषणात आपण यश मिळवतो, पण घरात बोलताना यश येतं. चांगल्या डॉक्टरबद्दलही आपण त्याच्या हाताला यश आहे असं म्हणतो, जणू ते त्याच्याकडे ठेवायला दिलेलं आहे.

मला नागपूरची दिव्या देशमुख आठवली. 2025 च्या जुलैत, एकोणीस वर्षांची ही मुलगी बाटुमीला बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून ग्रँडमास्टर झाली, तीही त्याआधी एकही नॉर्म हाती नसताना. बुद्धिबळात पानं वाटली जात नाहीत, सगळं पटावर उघडं असतं. तरी जिंकल्यावर तिनं नियतीचं नाव घेतलं. आणि मी? पारावर मेंढीकोट खेळत वाढलेला मी, हुकूम कोणाचा निघेल ते आपल्या हाती नसतं हे सातव्या वर्षी शिकलेला, गोव्याहून येताना जिंकलेला प्रत्येक डाव माझा म्हणत होतो आणि हरलेला तेवढा पत्त्याचा.

एक डाव तर मी कुणालाच सांगितला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी एक्का-राणीवर मी सगळं लावलं, आणि समोर एक्का-राजा निघाला. असा डाव चारांत एखाद्या वेळी सुटतो. राणी आली. त्या एका पानाच्या जोरावर मी पुढचे दीड दिवस खेळलो. मित्रांना फोनवर मात्र सांगितलं की पहिल्या दिवशी मी धाडसानं खेळलो. चौकटचा राजा तोंडपाठ होता, आणि ती राणी कोणत्या रंगाची होती हे मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

पुसदच्या अंगाला काळं दाटलं. बाबांनी ताडपत्रीचं एक टोक माझ्याकडे फेकलं. आम्ही दोघांनी ती सुडीवर ओढली. कडेला दगड ठेवता ठेवता मी त्यांना तो डाव सांगितला, पहिल्यापासून.

"अन् तेच पान आलं?"

"तेच आलं."

त्यांनी दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे वळले. पहिला थेंब ताडपत्रीवर वाजला.