समजलं का? हो सर!

बार्शीला आमच्या शाळेत गणिताचा तास कायम एकाच प्रश्नानं संपायचा. सर हातावरचा खडू झटकत विचारायचे, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हो सर!" ज्याला कमी समजलेलं असायचं त्याचा आवाज जास्त मोठा. माझा आवाज बऱ्यापैकी मोठा होता.

सोळा-सतरा वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या विमानतळावर सेसना १७२ मध्ये एकटी बसलेली असताना, मी पुन्हा तसंच "हो सर" म्हणाले. या वेळी एक विमान त्याच धावपट्टीवर उतरायला येत होतं.

आधी थोडं मागचं सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्यात डिग्री केली, नोकरीसाठी अमेरिकेत आले, दोन-तीन वर्षं पैसे साठवले आणि शनिवार-रविवारी विमान चालवायला शिकू लागले. परदेशी नागरिकाला त्यासाठी आधी अमेरिकी सरकारची सुरक्षा-परवानगी काढावी लागते. ती मिळाली त्या दिवशी बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

विमान चालवणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. अवघड होता रेडिओ. टॉवरची एक फ्रीक्वेन्सी, आणि आसपासची सगळी विमानं तिच्यावर. कंट्रोलर भराभर सूचना देतो. आपण त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या विमानाच्या नावासकट परत म्हणून दाखवायचा. याला रीडबॅक म्हणतात. तो ऐकून कंट्रोलरनं चूक असेल तर तिथल्या तिथे पकडायची, अशी ही पद्धत.

पहिला महिना घामात गेला. सूचना संपेपर्यंत मी तिची सुरुवात विसरलेली असायचे. मग इंजिनिअरिंगच्या परीक्षेसारखा अभ्यास सुरू केला. रोज रात्री इंटरनेटवर टॉवरचं बोलणं ऐकायचं, वाक्यांचे साचे वहीत उतरवायचे, उत्तरं मोठ्यानं पाठ करायची. तीन महिन्यांनी इन्स्ट्रक्टर म्हणाला, "तू तर एअरलाइनच्या पायलटसारखी बोलतेस." मी खूश. आपण फक्त उत्तर द्यायला शिकलोय, ऐकायचं अजून राहिलंय, हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

ते माझं एकटीनं करायचं तिसरं उड्डाण होतं. इन्स्ट्रक्टर पार्किंगजवळ हातात छोटा रेडिओ घेऊन उभा होता. माझ्या विमानाच्या नंबरातली शेवटची तीन अक्षरं टू-फोर-सिएरा. थोडं पुढे, मधल्या टॅक्सीवेवर, फोर-टू-सिएरा हे दुसरं विमान उड्डाणासाठी थांबलेलं. कंट्रोलरनं आम्हा दोघांना बजावलंही होतं की नावं सारखी आहेत, लक्ष द्या. मी त्यालाही रुबाबात "रॉजर" म्हणाले.

समोर जमिनीवर चार पिवळ्या रेघा होत्या. अलीकडे दोन अखंड, पलीकडे दोन तुटक. परवानगीशिवाय त्या ओलांडायच्या नाहीत. पाच मिनिटं थांबले होते, त्यामुळे आता आपलाच नंबर लागणार याची मला खात्री होती. तेवढ्यात कानात थोडी खरखर, "टू", "सिएरा" आणि मग स्पष्ट "क्लिअर्ड फॉर टेकऑफ" आलं. नाव धड ऐकू आलं नव्हतं आणि ते मला त्याच क्षणी कळलंही होतं. "से अगेन" हे दोन शब्द अगदी ओठांवर होते. पण फ्रीक्वेन्सीवर सात-आठ विमानं होती, सगळे ऐकत होते, आणि मी तर एअरलाइनच्या पायलटसारखी बोलणारी. मी बटण दाबलं आणि एका दमात रीडबॅक दिला.

फोर-टू-सिएरानंही त्याच सेकंदाला दिला. विमानांचा हा रेडिओ एएम पद्धतीचा असतो. दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात बहुतेक वेळा नुसती किंचाळी जाते. आणि बोलणाऱ्याला, बटण दाबलेलं असल्यामुळे, दुसरा बोलतोय हे कळतच नाही. मला वाटलं, छान बोललो. थ्रॉटल पुढे केला आणि रेघा ओलांडल्या.

"टू-फोर-सिएरा, स्टॉप!"

मी दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. पुढच्या वाक्यात कंट्रोलरनं फोर-टू-सिएराची परवानगी रद्द केली आणि त्याच्या पुढच्या वाक्यात उतरायला येणाऱ्या विमानाला गो अराउंड सांगितलं. अर्ध्या मिनिटानं ते इंजिनाचा आवाज वाढवत माझ्या डोक्यावरून गेलं. मग कंट्रोलर अगदी शांतपणे मला म्हणाला, तुमच्याकडून नियमभंग झाला असण्याची शक्यता आहे, एक फोन नंबर लिहून घ्या. तो नंबर मात्र मी एकेक आकडा नीट ऐकून परत म्हणून दाखवला.

पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर पहिला विचार व्हिसाचा आला, दुसरा पेढ्यांचा. वरून गेलेल्या विमानात माणसं होती हा विचार तिसरा आला. हे लिहायला आवडत नाहीये, पण क्रम असाच होता.

फोन लावला. मला वाटलं होतं, आता ओरडा बसणार. कंट्रोलरनं एवढंच विचारलं, "तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?" मी खरं सांगितलं. टू आणि सिएरा ऐकलं, बाकीचं मनानं भरलं. तो म्हणाला, "किंचाळी ऐकून मी खिडकीबाहेर पाहिलं म्हणून तुम्ही दिसलात. पुढच्या वेळी विचारा. मला दोनदा बोलायला दोन सेकंद लागतात."

त्या रात्री मी नासाचा फॉर्म भरला. वैमानिकांनी आपल्या चुका स्वतःहून कळवाव्यात म्हणून नासा १९७६ पासून ही व्यवस्था चालवते. नाव गुप्त राहतं. आमच्या कंपनीत सर्व्हर पडल्यावर कुणाला दोष न देता काय घडलं ते लिहून काढतात, तसंच हे. लिहून झाल्यावर झोप येईना म्हणून जुन्या अपघातांबद्दल वाचत बसले.

२७ मार्च १९७७, कॅनरी बेटांतलं टेनेरिफ, दाट धुकं. केएलएमचं ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अॅमचं ७४७ टॅक्सी करत होतं. केएलएमला मिळाली होती ती उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना, पण तिच्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. कॅप्टननं विमान सोडलं. टॉवरनं आधी "ओके" म्हटलं आणि मग थांबायला सांगितलं. नेमकं तेव्हाच पॅन अॅमनं, आम्ही अजून धावपट्टीवर आहोत, असं कळवलं. दोन्ही वाक्यं एकमेकांवर पडली आणि केएलएमच्या कॉकपिटात किंचाळी ऐकू आली. त्यानंतरही फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली की पॅन अॅम अजून बाहेर पडलं नाहीये का? कॅप्टननं ती ठामपणे झटकली. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, असा नियम झाला.

२५ जानेवारी १९९०. न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांकाचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. सहवैमानिकानं इंधन संपत आल्याचं सांगितलं, प्राधान्य मागितलं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. १५८ पैकी ७३ जण गेले. तो शब्द त्याच्या तोंडून का निघाला नसेल, यावर मी बराच वेळ विचार करत बसले.

आयुष्यभर मी सगळं खापर माझ्या मराठी माध्यमातल्या इंग्रजीवर फोडत आले. इंग्रजी हे कारण नसतंच असं नाही. १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, तेव्हा तपासात कझाक वैमानिकांच्या कच्च्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. पण त्या दिवशी माझं इंग्रजी उत्तम होतं. तेच तर नडलं. थोडं अडखळले असते तर कंट्रोलरचा शब्द परत मागावाच लागला असता. 'रॉजर'चा अर्थ फक्त 'तुमचं बोलणं पूर्ण मिळालं' एवढाच असतो. नेटवर्कवर पॅकेट पोचल्याची पोच येते, तसा. पलीकडच्या प्रोग्रॅमला ते कळलं की नाही, हे पोच सांगत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तेव्हाही मी "हो सर" म्हणाले असणार.

कारवाई म्हणून एका अधिकाऱ्याशी बोलणं झालं आणि इन्स्ट्रक्टरबरोबर जादा तास करावे लागले. त्या तासांत त्यानं एकच खेळ लावला होता. तो मुद्दाम पुटपुटत सूचना द्यायचा आणि मी न विचारता उत्तर दिलं की विमान परत पार्किंगमध्ये. पहिल्या दिवशी आम्ही जमीन सोडलीच नाही.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये सीनियरनं एक डिझाइन समजावलं आणि विचारलं, "मेक्स सेन्स?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही अर्धी डोलली होती. मग म्हणाले, "नाही, दुसरा भाग परत सांगाल?" सांगताना तो स्वतःच मध्ये थांबला आणि फळ्यावरचा एक बाण पुसला.

दीड महिन्यानं पुन्हा एकटी त्याच चार रेघांपाशी उभी होते. सूचना आली. वारा, धावपट्टी, समोरचं विमान, सगळं कळलं, फक्त नाव इंजिनाच्या आवाजात गेलं. फ्रीक्वेन्सी भरलेली होती. कान गरम झाले. बटण दाबलं.

"से अगेन, टू-फोर-सिएरा."

तो पुन्हा बोलला. सूचना दुसऱ्याच विमानासाठी होती. मी थांबले.